मिनिटाला अठरा फेरे

सकाळी मेथी निवडत बसले होते, तेव्हा चंद्रपूरहून सुनंदाचा फोन आला. सुनंदा मूळची धानोऱ्याकडची. मी पूर्वी नोकरीला होते त्या डबाबंद खाद्याच्या कारखान्यात डबे धुण्यापासून सुरुवात करून आता ती मुख्य यंत्र चालवते. एरवी बोलायला लागली की थांबत नाही, त्या दिवशी एवढंच म्हणाली, "बाई, शब्बीर मिस्त्री गेले." मी फोन ठेवला आणि निवडलेली पानं न् काड्या पुन्हा एकत्र करून टाकल्या... मग बराच वेळ रडले. त्याला आता महिना उलटला. रडून झालं. आता मला त्यांच्याबद्दल जरा छाती फुगवून सांगायचंय, कारण सातवी शिकलेल्या या माणसाने एकदा माझ्यासकट सगळ्या शिकल्यासवरल्यांना हरवलं होतं, आणि हरल्याचा मला आजही आनंद आहे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी खाद्यतंत्राची पदवी घेऊन चंद्रपूरच्या त्या छोट्या सहकारी कारखान्यात रुजू झाले, ती नाक वर करूनच. शब्बीरभाई माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. गडचिरोलीकडच्या एका राइस मिलमध्ये त्यांनी बॉयलर सांभाळला होता. मिल बंद पडली तेव्हा आमच्याकडे आले. कामावरच्या बाया बहुतेक जंगलातल्या गावांच्या, मोहफुलं आणि डिंक वेचून मोठ्या झालेल्या. पावसाळ्यात सिरोंच्याकडचे नाले चढले की रस्ते बंद होतात आणि आश्रमशाळांत धड भाजी पोचत नाही. त्या मुलांसाठी आम्ही मुगाचं कढण डब्यात भरणार होतो. नमुन्याचे डबे तपासणीत टिकले तर काम आमचं. नाही टिकले तर यंत्र दुसरीकडे जाणार आणि बाया घरी. आम्हाला संधी दोनदाच मिळणार होती.

हे यंत्र म्हणजे एक भलामोठा आडवा कुकरच. आत वाफ कोंडून बंद डबे इतके तापवायचे की आतला एकही जंतू जगू नये. पण दाट कढण नुसतं तापवलं तर कडेला करपतं आणि मधे कोमटच राहतं. म्हणून डब्यांची टोपली आत गोल फिरवतात. डबा कोलांट्या खातो, वर सोडलेल्या रिकाम्या जागेतला हवेचा बुडबुडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो आणि कढण ढवळलं जातं. टोपली किती वेगाने फिरवायची, ते ठरवणं माझं काम. मी बटण सरळ शेवटच्या आकड्यावर नेलं, मिनिटाला पंचेचाळीस फेरे. एवढ्या जोरात ढवळल्यावर लवकर तापणारच, म्हणून तापवायची वेळही कमी केली. शब्बीरभाई यंत्राशी उभे राहून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "बाई, लय पळवून राह्यल्या तुमी याले." मी त्यांना ढवळणं म्हणजे काय यावर चांगलं दहा मिनिटं ऐकवलं. त्यांनी मान हलवली आणि सांगितलं तसं केलं.

आत जंतू उरला तर उबेत वाढून डबा फुगतो, म्हणून ते डबे आम्ही गरम खोलीत पंधरा दिवस ठेवणार होतो. पाचव्याच दिवशी फुगायला लागले. दार उघडलं की असा वास... शेवटी सगळे खड्डा करून चुना टाकून पुरावे लागले. संस्थेच्या सचिवांनी सगळ्यांदेखत निकाल लावला की मिस्त्रीने वाफ कमी दिली असणार, धान उकडणाऱ्या माणसाला यातलं काय कळतं. वाफेचा काटा पूर्ण वेळ जागेवर होता, मी स्वतः पाहिलं होतं. आणि मी काय केलं? चपलेचा अंगठा बघत उभी राहिले. नवी नोकरी, पदवीचा तोरा, लोक काय म्हणतील... कारणं काय, हवी तेवढी सापडतात. शब्बीरभाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बॉयलरमध्ये लाकडं सारायला निघून गेले. ती नजर रागाची असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला बॉयलरच्या मागे बोलावलं. तिथे त्यांची सायकल उलटी उभी होती, आणि मागच्या चाकाच्या आऱ्यांना काचेची एक बाटली करकचून बांधलेली. बाटली डब्याच्याच उंचीची, आत कढण, वर डब्यात सोडतो तेवढीच जागा मोकळी. चाकाच्या मध्यापासून बाटलीपर्यंतचं अंतरही त्यांनी टोपलीतल्या डब्यावरून सुतळीने मोजून घेतलं होतं. मी म्हटलं, कढण थंड आहे, यंत्रात ते पातळ होईल. त्यांना ते लगेच पटलं. आम्ही कढण गरम करून पुन्हा भरलं, आणि त्यांनी वरून कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाकले. मग मला घड्याळ धरायला लावून पायडल मारून चाक माझ्या वेगाने, मिनिटाला पंचेचाळीस फेरे, फिरवलं. बाटली गरागरा फिरली, थांबवली, आणि नीळ जिथल्या तिथे. त्या वेगात कढण बाहेरच्या बाजूला दबून बसलं होतं आणि बुडबुडा आतल्या टोकाला चिकटून. काहीच ढवळलं गेलं नव्हतं.

"आता पाहा," ते म्हणाले आणि पायडल सावकाश फिरवू लागले. बुडबुडा सुटला. खाली, वर, पुन्हा खाली... आणि पिवळं कढण बघता बघता तळापासून वरपर्यंत हिरवंगार झालं. कमी-जास्त करून पाहिलं, तर सगळ्यात झपाट्याने रंग पसरला तो अठरा फेऱ्यांना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "भाई, सचिव बोलले तेव्हा काऊन गप राह्यले तुमी?"

"मले तरी कुठी माहीत होतं तवा," ते म्हणाले. "नुसतं वाटून राह्यलं होतं. वाटल्यावर भांडता नाई येत बाई."

मी तशीच उठून सचिवांकडे गेले. बाया डबे भरत होत्या, त्यांच्यासमोर सांगितलं की वेग माझा, चूक माझी, वाफ पुरेपूर होती. दुसऱ्या खेपेला नागपूरहून एक तज्ज्ञ डब्याच्या पोटातली उष्णता मोजायच्या तारा घेऊन आले. अठरा ऐकून हसले. मग त्यांनी प्रत्येक वेगाला मोजलं आणि त्यांचं हसू आटलं, कारण डब्याचा मध्य सगळ्यात लवकर तापत होता तो अठरालाच. पंधरा दिवसांनी तपासणीचे साहेब गरम खोलीत एकेक डबा वाजवून पाहत गेले. आम्ही सगळ्याजणी दाराशी उभ्या. एकही फुगला नव्हता. प्रयोगशाळेचा कागदही निर्मळ आला. त्या दिवशी बायांनी सचिवांना हाताला धरून नाचवलं, शब्बीरभाईंना तर उचलूनच घेतलं, आणि ते लाजून "अरे सोडा, वाफ जाऊन राह्यली" असं ओरडत होते. पावसाळ्यात रस्ता बंद असताना आमचे डबे उघडले गेले. नंतर एका आश्रमशाळेच्या गुरुजींनी कळवलं की मुलं पातेलं पुसून खातात. ते पत्र शब्बीरभाईंनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

मागच्या आठवड्यात मी कारखान्यात गेले. यंत्राशेजारी भिंतीवर कढणाचं कार्ड अजून टांगलेलं आहे: तापमान, वेळ, फेरे अठरा, आणि खाली 'वेग ठरवणार' यापुढे माझं नाव. तिथे पदवीधराचंच नाव लागायचं. मी तेव्हा खूप वाद घातला होता, आणि शब्बीरभाई म्हणाले होते, "नाव कोनाचंबी राहो बाई, डबा फुगला नाई पायजे." मी पेन काढलं आणि माझ्या नावावर रेघ मारायला गेले, तर सुनंदाने माझा हातच धरला.

"कार्डावर खाडाखोड नाई चालत बाई. मिस्त्रीनंच शिकवलं. चुकलं असंन तं खाली लिवाचं अन् सही कराची."

मग मी खाली लिहिलं: वेग शब्बीर मिस्त्री यांनी ठरवला. सही केली, तारीख घातली. सुनंदाने ते एकदा मोठ्याने वाचलं आणि यंत्र सुरू केलं.