टकटकचे पहिले मिनिट

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला घरात सगळे टकटक म्हणतात. लहानपणी ताटावर, दारावर, वडिलांच्या टकलावर, जिथे म्हणून हात पोहोचेल तिथे ती वाजवत असे. आता ती चौतीस वर्षांची आहे. सकाळी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते आणि दुपारी तीननंतर घराच्या मागच्या खोलीत डीजे लोकांसाठी नाचाचे ट्रॅक बनवते. भिंतीला उभी टेकवलेली गादी, खिडकीवर दोन रजया आणि विटांवर ठेवलेले दोन स्पीकर, एवढाच त्या खोलीचा थाट.

तिच्या संगीताला ब्रेकबीट म्हणतात. ड्रमचा एखादा तुकडा घेऊन ती कॉम्प्युटरवर त्याचे बारीक काप करते आणि उलटसुलट जोडते. ठोका पडेल असे वाटते तिथे तो पडत नाही, जरा मागून येतो. पाय अडखळला पाहिजे, पण माणूस पडता कामा नये, असे तिने मला समजावले. तिच्या आईचे म्हणणे, एवढे कापून पुन्हा जोडायचेच होते तर शिवणकाम काय वाईट होते?

या वर्षी टकटकचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. एका जुन्या गोदामात दर रविवारी दुपारी नाच असतो. तिथल्या दाढीवाल्या डीजेने तिचा एक तरी ट्रॅक वाजवावा. आजवर तिचे काम मित्रमंडळींनीच ऐकले होते. अनोळखी माणसांचे पाय त्यावर हललेले तिने पाहिले नव्हते. तिने तीन ट्रॅक पाठवले, तिन्ही परत आले. निरोप दर वेळी तोच, सुरुवात मोकळी कर. तिची सगळ्यात गोड धून तर पहिल्याच सेकंदाला सुरू होत असे.

"मी गाणं करते, पायपुसणं नाही," असे म्हणून तिने आठ दिवस खोलीला कुलूप घातले.

नवव्या दिवशी रविवार होता. ती गोदामात गेली आणि चार तास डीजेच्या टेबलाला खेटून उभी राहिली. तिथे तिला उलगडा झाला. एक गाणे संपत आले की तो पुढचे हळूच सोडतो, एका कानाला हेडफोन, दुसरा कान उघडा, आणि दोन्हींचे ठोके जुळवून घेतो. त्याला जेमतेम मिनिटभर मिळते. तेवढ्यात दोन धुना एकदम वाजल्या तर दोन जावा एकाच वेळी आपापली बाजू मांडू लागल्यासारखे होते.

"मावशी, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत मीच सुरू होत होते," ती म्हणाली.

धून पुढे ढकलणे सोपे. नुसत्या ठोक्यांचे मिनिट कंटाळवाणे होऊ न देणे अवघड. त्याला बारा दिवस लागले. शेवटी तिने दुकानातून चष्म्याची सहा घरे आणली आणि ती मिटताना होणारा टप्प आवाज ड्रमच्या कापांत मिसळला. माझेही घर दोन दिवस तिच्याकडे होते. मी चष्मा रुमालात गुंडाळून ठेवत असे.

हा चौथा ट्रॅक डीजेने ठेवून घेतला. वाजवीन असे मात्र म्हणाला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघी गेलो. बहिणीने गेल्या गेल्या खुर्ची मिळवली. साडेपाचच्या सुमारास टकटकने एकदम माझा दंड घट्ट धरला. मला काहीच वेगळे जाणवले नाही. समोर लाल शर्टातला एक जाडसर गृहस्थ नाचत होता. तो अडखळला, स्वतःशीच हसला आणि पुन्हा त्याच ठोक्याला मुद्दाम अडखळू लागला. त्याचे पाहून शेजारच्या दोघी. मग ती पूर्ण रांगच.

बऱ्याच मिनिटांनी बहीण उठून आली. "अगं, तुझं कधी लागणार?"

"आई, संपत आलं."

"मग आधीचं कधी संपलं? मला कसं कळलं नाही?"

यावर टकटक इतकी हसली की लोक वळून पाहू लागले. बहीण जरा रुसली. पुढच्या वेळी सुरू झाले की निदान हात तरी वर कर, असे तिने बजावले. टकटकने मान हलवली, पण तिचे लक्ष लाल शर्टाकडे होते.