बावडीचा सन

इंटरनेटवरचं काय खरं मानायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच. बाबा जळगावकडून नोकरीसाठी मध्य प्रदेशात देवासला आलेले, एका कारखान्यात फिटर. आई सातवी. 'संदर्भ' हा शब्द मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा नीट ऐकला, आणि त्या वर्षभरात त्याच्यावर इतकी चिडले की अजूनही तो कुणी उच्चारला की कपाळाला आठी पडते.

माझा लघुशोधप्रबंध धार शहरातल्या जुन्या पाणवठ्यांवर होता. धारला मामा राहायचे. त्यांच्या गल्लीच्या टोकाला एक लहानशी बावडी होती, पायऱ्या उतरून पाणी भरायची विहीर. सुट्टीत आम्ही भावंडं तिच्या तिसऱ्या पायरीवर बसून चिंचा खायचो. ती कुणाच्या राज्यात बांधली गेली, यावर माझं तिसरं प्रकरण उभं होतं, आणि त्यासाठी बांधल्याचा सन हवा होता. प्रकरण पडलं असतं तर गुण पडले असते, पंचावन्न टक्के हुकले असते आणि कॉलेजात शिकवायचा विचार सोडावा लागला असता. बाबांनी तर कारखान्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमची पोरगी प्रोफेसर होणार.

धारच्या वाचनालयात तीन वेळा गेले. दोनदा कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते निवडणुकीच्या ड्यूटीवर होते. तिसऱ्यांदा किल्ली मिळाली, जुनी जाडजूड पुस्तकं निघाली, धूळ निघाली. बावडी निघाली नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, "अगं, ती होतीच. आधीपासून."

मग राहिला सायबर कॅफे. देवासला बसस्टँडकडे प्लायवुडचे चार खोके करून एका भियाने, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत दादाने, तो चालवला होता. पान उघडायला इतका वेळ लागायचा की मी सोबत नेलेली वही दोनदा वाचून व्हायची. मधेच वीज जायची. पण एक दिवस सन सापडला. माळव्यातल्या जुन्या वास्तूंबद्दल एक इंग्रजी पान होतं, त्यावर माझी बावडी आणि पुढे चार आकडे. ते आकडे मला ओळखीचे वाटले. ओळखीचे वाटले म्हणून खरे वाटले.

दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक सरांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बेटा, ये किसने लिखा?"

"सर, इंटरनेट पर है."

"वो तो मैं भी देख रहा हूँ. पर लिखने वाले को किसने बताया? मूल स्रोत लाओ. नहीं तो ये चैप्टर हटाओ."

मला राग आला. सरांचाही आणि माझाही. बाकीच्या मुली जुने प्रबंध उतरवून मोकळ्या झाल्या होत्या. मी मात्र परत त्या खोक्यात जाऊन बसले. इंग्रजी पानाच्या तळाशी एक दुवा होता. तो दाबला तर समोर नुसता कचरा. इंग्रजी अक्षरं, त्यात अर्धविराम, कंस, तिरप्या रेघा. शब्द म्हणावा असा एकही नाही.

"भिया, ये क्या खुल गया?"

तो मागून डोकावला. "हिंदी की साइट होगी. उसका फॉन्ट अपने पास नी है."

"तो डाल दो ना."

"नी डालने का. पिछली बार किसी ने डाला था, तीन दिन मशीन बंद पड़ी री. आप तो छाप के ले जाओ."

छापून काय करणार होते? तरी छापून घेतलं. घरी ते पान पुढ्यात घेऊन बसले आणि रडायला आलं. सगळ्या जगाची माहिती इथे मिळते म्हणतात, आणि मला मिळाली तीही अशी, कुलपासकट.

कुलूप उघडलं ते टायपिंगमुळे. बाबांनी मला बी.ए.पासूनच हिंदी टायपिंगला घातलं होतं. प्रोफेसर नाही झाली तर निदान कचेरीत लागेल, हा त्यांचा हिशोब. क्लासात माझी बोटं टेबलावर रिकामीसुद्धा चालायची. त्या कागदाकडे बघताना एक जोडी सारखी दिसत होती: डी, के. डी, के. कॅफेच्या कीबोर्डवर डी जिथे असतो, तिथे आमच्या टायपरायटरवर क होता. के च्या जागी काना. म्हणजे 'का'. मग एक तिरपी रेघ, दोनदा के, आणि जे. मी बोटं आपटून पाहिली: अर्धा ध, तो पुरा करायला एक काना, मग धाचा काना, र. 'धार'.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर इंग्रजी कीबोर्ड काढला आणि क्लासात टायपरायटरच्या शेजारी उभा केला. छापलेल्या कागदावरचं एकेक अक्षर पुठ्ठ्यावर शोधायचं आणि टायपरायटरची तीच जागा दाबायची. क्लासच्या मॅडम येऊन उभ्या राहिल्या.

"ये कौन-सी भाषा है री?"

"पता नहीं मॅडम. निकलेगी तब समझेगी."

"पगला गई है ये लड़की," त्या म्हणाल्या, पण मशीन माझ्याकडून काढून घेतलं नाही.

निघाली ती मराठी. आधी दोन ओळी पायऱ्यांबद्दल, मग सन. तेच चार आकडे. मी जिंकल्यासारखी पुढे टाइप करत गेले: 'बावडीतले पाणी इतके थंड आहे की त्यात टाकलेल्या कैऱ्यांनासुद्धा...' इथे माझी बोटं थांबली. कारण पुढचं मला कागदात न बघता येत होतं. '...हुडहुडी भरते.'

हे वाक्य माझं होतं.

नववीत असताना मी देवासच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेत 'मामाच्या घरची सुट्टी' लिहिली होती. मंडळाचे सचिव काका जुन्या घराण्यातले, वडिलोपार्जित दरबारी मराठी बोलणारे. हिंदी शाळेत शिकलेल्या माझ्या ऱ्हस्व-दीर्घांवर लाल शाई ओतून झाल्यावर ते म्हणाले होते, "मुली, बावडीचा सन घाल. त्यावाचून लेखास वजन येत नाही."

"पण काका, मला माहीत नाही."

"मग अदमासे घाल. कोण विचारावयास येतो?"

मी पहिले दोन आकडे इतिहासाच्या पुस्तकातून घेतले. शेवटचे दोन माझा हजेरीचा नंबर. प्रेसच्या फाइलमधून तो मजकूर कुणीतरी उचलून इंटरनेटवर ठेवला असावा, आणि त्यावरून दुसऱ्या कुणीतरी इंग्रजीत. इतके महिने मी माझ्याच मागे धावत होते.

सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. त्यांनी विचारलं, "स्मारिका छपी थी ना? पृष्ठ संख्या है?"

"है सर. पर लेखिका मैं ही हूँ."

"तो और अच्छा! अपना पुराना प्रकाशन. लिख दो, सबमिशन सिर पर है."

मूळ स्रोत मागणारे तेच हे सर. ते सांगत होते ते सोपं होतं आणि प्रकरणही वाचणार होतं. घरी येऊन तो संदर्भ मी पेन्सिलने लिहिलासुद्धा. व्यवस्थित दिसत होता, अगदी खऱ्यासारखा. मग खोडला, आणि तिथे लिहिलं: 'निर्माणकाल अज्ञात.' तिसरं प्रकरण अकरा पानांचं होतं, चार पानांचं झालं.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. त्यांनी तीच चार पानं उघडली.

"अज्ञात? इतना भी नहीं ढूँढ पाईं? मैंने कल ही देखा, इंटरनेट पर एक मिनट में मिल गया." आणि त्यांनी तो सन म्हणून दाखवला.

माझे सर पंख्याकडे बघायला लागले.

"सर, वो गलत है," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की परत म्हणावं लागलं.

"आधार?"

मी सांगितलं. स्मरणिका, काका, हजेरीचा नंबर. टाइप केलेला कागद पुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, कैऱ्यांपाशी किंचित हसले, आणि विचारलं, "आपका रोल नंबर यही था, इसका कोई प्रमाण है?"

प्रमाण नव्हतं. शाळेचं नववीचं हजेरीपत्रक कुठल्या रद्दीत गेलं असेल, देव जाणे.

"नहीं सर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या 'अज्ञात'भोवती लाल गोल काढला आणि पान उलटलं.

पंचावन्न टक्के झाले, जेमतेम. इंटरनेटवरच्या त्या इंग्रजी पानाच्या पत्त्यावर मी दोनदा लिहून चूक कळवली. उत्तर आलं नाही. सन अजून तिथेच आहे.