जॉब कार्डवर मी लिहिलेलं कारण

स्क्रीनवर इंग्रजीत दोनच शब्द होते : नो सिग्नल. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो होतो. शेजारी इब्राहिमभाई होते. ते स्क्रीनकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना पेशंटचा माणूस बघतो तसे.

"काय कळला?" त्यांनी विचारलं.

मला कळलं होतं. गाडी सुरू करून मिनिटही झालं नव्हतं. पण मी म्हणालो, "बघतो. वरचा अँटेना उघडावा लागेल."

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कुवेतला शुवैखच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. गाव संगमेश्वरजवळ, शिक्षण आय.टी.आय. बावीस वर्षं गाड्यांच्या वायरी, सेन्सर, रेडिओ, कॅमेरे हेच बघतोय. हाताखालून हजारो गाड्या गेल्या असतील. त्यातल्या एका गाडीबद्दल मी आजवर कोणाशी धड बोललेलो नाही.

आधी रेडिओचं सांगतो. अमेरिकेतल्या गाड्यांमध्ये सॅटेलाइट रेडिओ असतो. आपला एफएम जवळच्या टॉवरवरून येतो. हा थेट उपग्रहावरून येतो, आणि त्यासाठी दरमहा वर्गणी भरावी लागते. गाडीच्या छतावर मागे शार्क माशाच्या परासारखा छोटा उंचवटा असतो, त्यात त्याचा अँटेना. त्यालाच शार्क फिन म्हणतात. हे उपग्रह अमेरिकेसाठी सोडलेले. पृथ्वी गोल असल्यामुळे कुवेतहून ते क्षितिजाच्या खाली राहतात. रत्नागिरीच्या दीपगृहाचा उजेड कुवेतच्या किनाऱ्यावरून दिसेल का? तसंच हे. अँटेना कितीही चांगला असो, इथे तो रेडिओ वाजणार नाही. त्यात बिघाड नसतो. इथे ती सोयच नाही.

कुवेतमध्ये अमेरिकेहून जहाजाने आलेल्या गाड्या पुष्कळ. त्यातल्या बहुतेक मालकांना हे ठाऊक असतं. इब्राहिमभाईंच्या मालकाला ठाऊक नव्हतं.

इब्राहिमभाई म्हसळ्याकडचे. बनेद अल-गारमध्ये एका कुवेती घरी अकरा वर्षं ड्रायव्हर होते. घरकामाची माणसं मालकाला बाबा म्हणतात, तसे तेही म्हणायचे. मी रिग्गईला चौघांच्या खोलीत राहतो. सुट्टीच्या शुक्रवारी ते आमच्याकडे यायचे, येताना मासे आणायचे आणि आम्हाला कोणालाही चुलीजवळ फिरकू द्यायचे नाहीत. "तुमी भटजी लोक माशाचा वाटोळा कराल," असं मला म्हणायचे. मी भटजी नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं. माझं अपेंडिक्स दुखायला लागलं तेव्हा मला हॉस्पिटलात नेऊन रात्रभर बाकावर बसले होते ते हेच.

बाबांचा मुलगा अमेरिकेत शिकला आणि तिथेच नोकरीला लागला. त्याने आपली जुनी गाडी वडिलांना जहाजाने पाठवली. बाबा पदवीदानाला तिकडे गेले होते. तेव्हा याच गाडीत, याच रेडिओवर, त्यांनी जुनी गाणी ऐकली होती. त्यांना तोच चॅनेल हवा होता. मुलगा फोनवर म्हणाला, वर्गणी मी अजून भरतोय, म्हणजे चालायलाच हवा.

गाडी बंदरातून सुटली त्या दिवशी ती धुळीने माखलेली होती. इब्राहिमभाईंनी ती वाटेत पेट्रोल पंपावर प्रेशरच्या पाण्याने धुऊन मग घरी नेली. बाबांनी रेडिओ लावला, तर नो सिग्नल. त्यांनी विचारलं, तू काही केलंस का? हे म्हणाले, नाही. पाण्याने धुतली का? धुतली. मग तेव्हाच काहीतरी झालं असेल. हे म्हणाले, नाही बाबा, वल्लाह, अल्लाची शपथ, काही झालेलं नाही.

म्हणून ते माझ्याकडे आले होते. "जा खरा असेल ता लिव," ते म्हणाले. "मी बाबांना कागद दावतो. त्यांना कागद लागतो."

आता जॉब कार्डचं सांगायला हवं. प्रत्येक गाडीमागे एक कार्ड असतं आणि त्यात तीन रकाने : तक्रार, कारण, उपाय. सगळ्या जगात हीच पद्धत आहे आणि ती चांगली आहे. आमच्या गॅरेजात मात्र तिला एक शेपूट होतं. आमचे सर्व्हिस मॅनेजर थॉमस सर, केरळचे. वाईट माणूस नाही. पण त्यांना रिकामा रकाना सहन होत नसे. 'दोष आढळला नाही' असं लिहिलेलं कार्ड गेलं की गिऱ्हाईक बाहेर जाऊन सांगतं, यांना काही येत नाही. मग एकदा मीच विचारलं होतं की कारण आहे, पण आपल्याकडे त्यावर उपाय नाही, असं असेल तर काय लिहायचं? ते म्हणाले, "इलाज नहीं, तो कारण भी मत लिखो. ऐसा कारण लिखो जिसका इलाज है."

आम्ही सगळे हसलो होतो. आणि तसंच लिहायला लागलो होतो. बहुतेक वेळा त्याने कोणाचं काही बिघडत नसे. एखादा फ्यूज बदलला जाई, एखादी वायर.

त्या महिन्यात माझी तीन कार्डं 'दोष आढळला नाही' अशी गेली होती. थॉमस सरांनी मला केबिनमध्ये बोलावून शांतपणे दाखवली होती. माझं काँट्रॅक्ट नवं व्हायचं होतं. आमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या दोघांचं त्याच वर्षी झालं नव्हतं. हे सगळं खरं आहे. पण सबब म्हणून मी ते सांगत नाही. नीट लिहायचं तर पेनातली शाई तेवढीच लागली असती.

मी शार्क फिन उघडली. आतलं रबर ठीक होतं. कडेला मिठाचा पुसट पांढरा डाग होता. जहाजाने आलेल्या प्रत्येक गाडीत तो असतो, समुद्राच्या हवेचा. त्याने काही होत नाही. मी त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिलो. मग खाली उतरलो आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं : अँटेना बेस, वॉटर एन्ट्री. म्हणजे अँटेनात पाणी शिरलं. उपायात लिहिलं : अँटेना बदलणे. डाग होताच, तेव्हा आपण खोटं लिहिलेलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

"काय लिवलास?" इब्राहिमभाईंनी विचारलं. त्यांना इंग्रजी अक्षरं लागत, वाक्य लागत नसे.

"पार्ट खराब आहे. बदलला की झालं."

"माजा नाव नाय ना त्यात?"

"तुमचं नाव कशाला असेल?"

त्यांनी कार्डाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. खिशावर एकदा हात फिरवला. स्वतःच्या विरुद्धचा कागद ते स्वतः घेऊन गेले.

दोन दिवसांनी बाबा स्वतः आले. सत्तरीचे, मऊ आवाजाचे. इंग्रजी चांगलं. कार्ड हातात होतं. थॉमस सर लगबगीने पुढे झाले आणि मला बोलावलं. इब्राहिमभाई दहा पावलांवर गाडीला टेकून उभे होते.

बाबांनी 'वॉटर एन्ट्री'वर बोट ठेवलं. "पाणी कुठून आलं?"

मी म्हणू शकलो असतो, समुद्रातून. म्हणू शकलो असतो, पाण्याचा काही संबंध नाही साहेब, या देशात हा रेडिओ लागतच नाही. थॉमस सर माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "सांगता येत नाही, सर."

"धुताना?"

"पॉसिबल," मी म्हणालो.

एवढाच शब्द. बाबा वळले आणि इब्राहिमभाईंकडे गेले. ते अरबीत काय म्हणाले ते मला पूर्ण कळलं नाही, पण आवाज चढलेला नव्हता. ते एकच गोष्ट दोन-तीनदा विचारत होते. इब्राहिमभाई मान हलवत होते आणि छातीवर हात ठेवून वल्लाह, वल्लाह म्हणत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या एका गाडीचं बॉनेट उघडलं. त्या गाडीचं काम संपलेलं होतं.

त्या आठवड्यात इब्राहिमभाईंचे फोन येत राहिले. मी उचलले नाहीत. त्यांची मुलगी फार्मसीला होती, तिची दोन वर्षं राहिली होती, आणि तेवढी दोन वर्षं काढून कायमचं घरी जायचं असं ते कायम सांगत. पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत. खोलीतल्या एकाने विचारलं, आज मासे नाहीत का? मी म्हणालो, कामात असतील. नंतर त्यांच्या गावच्या एका माणसाकडून कळलं की त्यांचा अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द झाला आणि ते घरी गेले.

अमेरिकेहून नवीन अँटेना यायला महिना लागला. मीच बसवला. गाडी सुरू केली. नो सिग्नल. थॉमस सर म्हणाले, "मग रेडिओचा मॉड्यूल असेल," आणि कार्ड माझ्यापुढे सरकवलं.

मी म्हणालो, "सर, यात काहीच खराब नाही. पहिल्या दिवशीही नव्हतं."

"तुला माहीत होतं?"

"तुम्हाला पण माहीत होतं."

त्यांनी कार्ड परत स्वतःकडे ओढलं. मग म्हणाले, "मला माहीत नव्हतं की तो तुझा माणूस आहे." हे त्यांचं वाक्य मला अजून आठवतं. म्हणजे आपला माणूस नसता तर चाललं असतं. आणि मला तर तो आपला असूनही चाललं होतं.

गाडी पोचवायला मी स्वतः बनेद अल-गारला गेलो. बाबांनी दिवाणियात, म्हणजे घराच्या बैठकीच्या खोलीत, बसवलं. चहा आला. मी तो न घेता सगळं सांगितलं. उपग्रह, क्षितिज, मिठाचा डाग, तीन रकाने. कागदावर पृथ्वीचा गोल काढून दाखवला. गोल काढणं मला सोपं गेलं. 'पॉसिबल' का म्हणालो ते सांगायला वेळ लागला.

बाबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "अँटेना तुटला असता तरी मी काही बोललो नसतो. माझ्या आईला शेवटची तीन वर्षं हॉस्पिटलात त्यानेच नेलं-आणलं. मी त्याला एवढंच म्हणत होतो की तू केलंस म्हण, विषय संपला. तो अल्लाची शपथ घेऊन नाही म्हणत होता. आणि माझ्या हातात तुमचा कागद होता. खोटी शपथ घेणारा माणूस मी माझ्या नातवंडांबरोबर गाडीत कसा बसवू?"

मला तोवर वाटत होतं की त्यांची नोकरी एका पार्टपायी गेली. ती खरं बोलल्यामुळे गेली होती.

बाबांनी माझ्यासमोरच फोन लावला. बराच वेळ बोलले. मग फोन ठेवून म्हणाले, मी माफी मागितली, नवा व्हिसा काढतो म्हणालो. तो म्हणतो, अल्ला तुमचं भलं करो, पण आता नको. गावात शाळेची व्हॅन चालवतोय. त्याच्या मुलीच्या फीचं मी बघेन, एवढं त्याने कबूल केलं आहे, तेही उसने पैसे म्हणून.

त्याच संध्याकाळी मी इब्राहिमभाईंना फोन केला. त्यांनी लगेच उचलला. मी बोलायची वाक्यं ठरवून ठेवली होती. ती अर्ध्यावर आली तेव्हा ते म्हणाले, "कळला. बाबांनी सांगितला."

मी म्हणालो, "माझं चुकलं, इब्राहिमभाई."

"चुकला ता चुकला. पोट सगल्यांना हाय." मग अजिबात न रागावता ते म्हणाले, "पण तू बाबांकडे आदी गेलास. खोटा मी ठरलो व्हतो, अरविंद. आदी मना सांगायचास."

बाबा अनोळखी होते, त्यांच्यासमोर लाज कमी वाटणार होती, म्हणून तिकडे आधी गेलो, हे मला तेव्हा कळलं.

माझं काँट्रॅक्ट नवं झालं. मला कोणी काही केलं नाही. बाबांनी ती गाडी ठेवली आहे आणि फोनवरून गाणी लावतात. अमेरिकेची गाडी आली आणि रेडिओची तक्रार असली की मी कारणात लिहितो : या देशात ही सेवा नाही. उपायाचा रकाना कोरा ठेवतो. थॉमस सर आता सही करतात, नाक मुरडून का होईना. इब्राहिमभाई ईदला माझा फोन घेतात. दोन मिनिटं बोलतात, तब्येत विचारतात. स्वतःहून त्यांनी मला पुन्हा फोन केलेला नाही.

गाडीत बिघाड नसेल तर नाही म्हणून लिहावं. नाहीतर तो बिघाड कोणत्या तरी माणसाच्या नावावर चढतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा दहा पावलांवर उभा असतो.