तपासणीआधीच्या गोळ्या

आमच्या पप्पांचं आयुष्य चाकणच्या फाउंड्रीत गेलं. तिथे एक विद्या त्यांनी पक्की केली: मेडिकलमध्ये पास व्हायची. कंपनीची वार्षिक तपासणी आली की चार दिवस आधी थेरगावच्या औषधाच्या दुकानातून दम लागण्यावरच्या गोळ्या आणायच्या, म्हणजे खोकला दबतो. डॉक्टरांनी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "काही त्रास नाही साहेब." अनफिट शेरा बसला की काम गेलं. फाउंड्रीतले सगळेच कामगार हेच करायचे.

फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, एक औषध आहे, ते शरीराच्याच पेशींना कॅन्सरशी लढायला लावतं. ते लागू पडेल का, याचा अंदाज रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरून घेऊ. पप्पांना एवढंच कळलं, की पुन्हा मेडिकल आलं. "त्याच गोळ्या आण गं," म्हणाले. आणि मी, बीएस्सी झालेली दीडशहाणी, आणून दिल्या!

"दुसरं काही औषध चालू आहे?" डॉक्टरांनी दोनदा विचारलं.

"काही नाही साहेब."

मी शेजारी बसून मान डोलावली.

रिपोर्ट वाईट आला. लढणाऱ्या पेशी कमी, सूज वाढल्याचं दाखवणाऱ्या जास्त. त्या औषधाचा उपयोग होईलसं वाटत नाही, म्हणून नुसत्या केमोवर ठेवलं. केमोनं माणूस पार पिळून निघाला. आत्या म्हणायची, नशीब एकेकाचं. डोंबलाचं नशीब!

दोन महिन्यांनी फाइलच्या पिशवीत नर्सला त्या गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं. "हे स्टेरॉइड कोण घेतं?" त्या गोळ्यांनीच रक्तातल्या पेशींचं प्रमाण बिघडलं असणार, असं डॉक्टर म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला माझीच जीभ हासडून टाकावीशी वाटली.

रक्त पुन्हा तपासलं. या वेळी प्रमाण चांगलं निघालं. पण डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता उशीर झालाय, हे शरीर कुठलंच औषध झेलणार नाही.

मी आत गेले. पप्पांना उठून बसवतही नव्हतं.

"रिपोर्ट कसा आला गं?"

"चांगला आलाय पप्पा."

"मग ते औषध कधी सुरू करायचं?"

"सोमवारी," मी म्हणाले.