सरळ रेषेत कापलेला फोटो

ताडकळसच्या त्या टायपिंगवाल्याकडं अजून फ्लॉपीचाच कॉम्प्युटर आहे. मजकुरात घातलेला फोटो प्रिंटरमधून ओळीओळीनं करकरत उतरतो. चेहरा पुरा उमटेस्तोवर तो गडी कुणाशी बोलत नाही.

बहिणीनं शेतात वाटा मागितला, म्हणून आईच्या वर्षश्राद्धाच्या पत्रिकेतल्या फोटोतून मी तिला कापायला लावलं. ती मशीन सरळ रेषेतच कापते. आईच्या खांद्यावर एक हात उरला.

त्यानं छपाई मधेच थांबवली. "ह्यो हात कोनाचा हाय, सर?"

"कुणाचा नाही."

"मंग म्हातारीला धरलंय कोनी?"

आईचं शेवटपर्यंत बहिणीनंच केलं होतं. तरी मी म्हणालो, "हातही पुसा."

त्यानं कॉम्प्युटरच बंद केला.