रवाल चालीची घोडी

फौजेतलं माझं शेवटचं पोस्टिंग हिमालयात होतं. सामान वाहायला खेचरं आणि पहाडी घोडी. मी हवालदार, पेणच्या रामवाडीचा. नाईक सतीश खांबचा. एकाच खड्डेभरल्या हायवेवरची गावं, त्यामुळे पहिल्याच दिवशी गट्टी जमली.

सतीशच्या ताब्यात राणी नावाची घोडी होती. ती रवाल चालायची. दुडकीत स्वार खोगिरावर आपटत राहतो. रवाल चालीत घोडं एकेक पाय पाठोपाठ टेकतं, पाठ हलतच नाही. सतीश भरलेला चहाचा मग हातात धरून मैदानाला फेरी मारायचा. थेंब सांडायचा नाही.

"पेणवरनं खांबला असा मग नेऊन दाखव," तो मला खिजवायचा. "नागोठण्यालाच रिकामा व्हईल."

एका सकाळी दरड कोसळली. सतीशच्या छातीवर दगड आला. धुक्यामुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं. वायरलेस सेटवर खालच्या कॅम्पचे डॉक्टर होते.

"बरगड्या मोडल्या असणार. हादरा बसता कामा नये. ओव्हर."

"स्ट्रेचर जाईल एवढी वाट उरली नाही, साहेब. घोडीवर आणतो. ओव्हर."

सतीशला पुढ्यात घेतलं, पट्ट्यानं स्वतःशी बांधलं. उतार संपला तशी राणी आपणहून रवाल चालू लागली.

"बरं वाटतंय?"

"व्हय. चहाचा मग आणायला पायजे होता."

त्यानंतर तो बोलला नाही. डोकं माझ्या खांद्यावर होतं. झोप लागली म्हणून मला हायसं वाटलं.

कॅम्पवर डॉक्टरांनी नाडी पाहिली. "कधी गेला?"

मला सांगता येईना. घोडीनं त्याला जरासुद्धा हलू दिलं नव्हतं. तो प्रश्न अजून मला झोपू देत नाही.

त्याला घरी पोचवायला मलाच पाठवलं. पेण सुटलं आणि खड्डे सुरू झाले. गाडीत शवपेटी उडू लागली. मी तिच्यावर आडवा पडलो, दोन्ही हातांनी दाबून धरली.

"हळू घे रे!" मी ओरडलो.

"साहेब, यापेक्षा हळू म्हंजे उभीच करायची," ड्रायव्हर म्हणाला.

इतका राग मला शत्रूचाही कधी आला नव्हता.

खांबला त्याच्या आईनं एवढंच विचारलं, "लय हाल झालं का रं त्याचं?"

"नाय, काकी. एक हादरा बसू दिला नाय."

पेटीचा एक कोपरा फुटला होता. तो तिला दिसू नये म्हणून मी तिरंग्यावर हात ठेवून उभा होतो.