सम्यकच्या नावाची फाईल

अंबरनाथच्या एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणारा एक कारखाना होता आणि त्याचं स्टोअर भगवानराव पगारे सांभाळत. मालाबरोबरच्या चलनात खाडाखोड दिसली तर ते खुद्द शेठनी मागवलेला टेम्पोही दारात उभा ठेवायचे. दोन हजार एक साली ऑफिसातल्या कॉम्प्युटरांत ईमेलमधून व्हायरस शिरला, बिलं निघेनात, तेव्हा शेठना हा त्यांचा गुण आठवला. "ईमेलबरोबर येणारा मालही यापुढे भगवानच तपासेल," असं सांगून शेठ मोकळे झाले. अडकले ते भगवानराव. कॉम्प्युटरचं ज्ञान आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार?

शिकवायला उल्हासनगरच्या दुकानातून प्रीती आली. सिंधी घरातली चुणचुणीत मुलगी. मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरायची, तिचं तिलाही कळत नसे.

"काका, रूल एकदम सिंपल आहे. फाईलच्या नावाची शेपटी बघायची, टिंबानंतरची अक्षरं. डॉक असेल तर जाने दो. ईएक्सई, पिफ असेल तर अडवायची. मशीन अडवेल, तुम्ही फक्त बघायचं."

"पण पाठवणारा ओळखीचा असला तर?"

"ओळखीच्याकडूनच तर येतो व्हायरस! त्याला पताच नसतो. व्हायरस त्याच्या नावाने स्वतःच मेल लिहून पाठवतो."

"मग ते पत्र लिहिलं कोणी म्हणायचं?"

"किसी ने नहीं, काका."

भगवानरावांचं डोकं गरगरलं. उभा जन्म त्यांनी ओळखीच्या पार्टीचा माल आधी उतरवून घेतला होता. आता म्हणे ओळखीचाच धोका, आणि वर कोणीच न लिहिलेली पत्रं! तरी त्यांनी एका बोटाने एकेक अक्षर शोधत नियम टाकला. पहिल्याच दिवशी पुण्याच्या गिऱ्हाइकाने ईएक्सई करून पाठवलेलं ड्रॉइंग अडलं आणि शेठनी आकाशपाताळ एक केलं. भगवानरावांनी नियम सैल केला, रात्रभर धास्तीने तळमळले आणि सकाळी तो परत आवळला.

अशातच एका दुपारी अडवलेल्या मेलांमध्ये त्यांना सम्यकचं नाव दिसलं.

सम्यक त्यांचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी त्याने न सांगता कोर्टात लग्न केलं होतं. कात्रपच्या आपल्या घरात, त्या नव्या सुनेसमोर भगवानराव म्हणाले होते, "मला विचारलंस? नाही ना? मग यापुढे काहीच विचारू नकोस." पोरगा बापासारखाच हट्टी. बेंगळुरूला गेला तो गेलाच. मुलगी मैत्रेयी त्याच्याशी बोलायची. बापलेकांमध्ये मात्र अवाक्षर नव्हतं.

मेलमध्ये इंग्रजीत लिहिलं होतं : कसे आहात? ही फाईल पाठवतोय. तुमचा सल्ला हवा आहे.

भगवानरावांनी ते तीनदा वाचलं. पोराने सल्ला मागितला होता! फाईलचं नाव 'होम', आणि त्याला शेपट्या दोन, डॉक आणि पिफ. एकीने जाऊ द्यायची, दुसरीने अडवायची. आता करायचं काय? 'सोडा' असं बटण समोरच होतं. बोट तिथवर गेलंसुद्धा. पण पुन्हा सगळं ऑफिस बंद पडलं तर? आणि नाही सोडली तर पोराला वाटेल, बापाने अजूनही तोंड फिरवलंय. शेवटी त्यांनी प्रीतीला फोन लावला.

"सोडू नका काका! डिलीट मारा."

"अगं, पण माझा मुलगा आहे तो. सल्ला मागतोय."

"काका..." प्रीतीचा आवाज एकदम उतरला. "हाच मेल आज माझ्या चार गिऱ्हाइकांना आलाय. शब्द न् शब्द सेम."

भगवानरावांना रडू येत होतं आणि एका मशीनने आपल्याला फसवावं याची लाजही वाटत होती. मग त्यांनी ती फाईल पुसून टाकली.

"त्याच्या कॉम्प्युटरला व्हायरस आहे," प्रीती सांगत होती. "त्याला कळवा, नाहीतर सगळ्यांना जात राहील."

मैत्रेयीकडून नंबर घेऊन त्यांनी ऑफिसातूनच फोन लावला. काय बोलायचं ते मनात चार वेळा घोकलं होतं.

"हॅलो?"

"जय भीम. मी... पगारे बोलतोय. स्टोअरमधून."

"बाबा? जय भीम."

"तुझ्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय. तुझ्या नावाने मेल जातायत. बाकी काही नाही, तेवढंच सांगायचं होतं."

"बरं. बघतो."

झालं. काम संपलं होतं. रिसीव्हर खाली ठेवायचा, एवढंच उरलं होतं. पण भगवानरावांच्या तोंडून निघून गेलं, "त्यात लिहिलं होतं, सल्ला हवा म्हणून. मला कळलं, ते तू लिहिलेलं नाहीस. तरी विचारतो. काही विचारायचं होतं का तुला?"

पलीकडून सम्यकचा आवाज आला.

"हो बाबा. खूप आहे. तुम्हाला वेळ आहे ना?"